यात्रेच्या पट्टीत धाकट्याचं नाव

रविवार, माघ वद्य तृतीया. सकाळी साडेनऊ वाजता नाथाच्या देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. चैत्रातल्या यात्रेची पट्टी माणशी सातशे रुपये ठरली. हजर होते एकोणीस पुरुष, मला धरून, आणि एक बाई.

पट्टीच्या बैठकीला बाई यायची आमच्या गावात पद्धत नाही, म्हणून तिचं आधी सांगतो. ती सांगलीच्या एका धर्मादाय रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे. मूळची वाईची. बैठकीला तिला मीच बोलावलं होतं, कारण माझ्या धाकट्या भावाचं नाव पट्टीत परत घालायचं होतं आणि मी एकटा बोललो असतो तर भावाची बाजू घेतो म्हणून सोडून दिलं असतं.

पलूस तालुक्यातल्या आमच्या या गावात पट्टी घरामागे बसत नाही, कमावत्या पुरुषामागे बसते. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरच्या दोन पट्ट्या होत्या, एक माझी आणि एक धाकट्याची. धाकटा तेव्हा तमिळनाडूत गलाईच्या कामाला होता, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. आमचे मामा विट्याकडचे, त्यांचंच दुकान. तिथून तो पट्टी मनिऑर्डरनं पाठवायचा आणि यात्रेला न चुकता यायचा. मग एका वर्षी मामाच त्याला घेऊन आले. भिंतीतून माणसं बोलतात, असं तो म्हणत होता. झोपत नव्हता, अंघोळ करत नव्हता. सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी झाले, पण तो ओसरीवरच्या बाकावर बसला तो बसलाच.

त्या साली यात्रा समितीचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, घरी येऊन म्हणाले, "त्याची पट्टी ऱ्हाऊ द्या. आजारी माणूस हाय. देव काय मागत न्हाई त्याच्याकडं." आम्ही सगळ्यांनी त्यांचे आभार मानले. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण आमच्याकडे ज्याची पट्टी त्याचा पालखीला खांदा, त्याचं बैठकीत बोलणं आणि त्याच्याकडे यात्रेचं एखादं काम. पट्टी गेली तसं हे सगळं गेलं. 'येऊ नको' असं त्याला कुणी म्हणालं नाही. 'ये' म्हणायचं मात्र बंद झालं.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टर मला म्हणाले, "गोळ्यांनी व्हायचं ते झालंय. आता दिवसाचं काय करायचं ते बघायला हवं." आणि त्यांनी या बाईंना आमच्या घरी पाठवलं.

मला वाटलं होतं, त्या त्याला तपासतील. त्या ओसरीवर नुसत्या बसून राहिल्या. तेवढ्या वेळात आईनं धाकट्याला पाण्याचा तांब्या दिला, औषध हातात दिलं, चपला वळवून पायाशी ठेवल्या. आई शहात्तर वर्षांची आहे. बाईंनी धाकट्याला विचारलं, "मला चहा करून द्याल का?"

आई म्हणाली, "आवं बाई, पावण्यास्नी त्यो च्या करणार व्हय? मी ठेवते की."

"तुमच्या हातचा पुढच्या वेळी घेईन, आजी."

चहा यायला बराच वेळ लागला. साखर नव्हती. बाईंनी पूर्ण प्यायला, मी अर्धा ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, "यांच्यावाचून घरात काय अडतं?"

मी दूध संकलन केंद्राचा सचिव आहे. फॅट, लिटर, दर यांचा हिशेब मला तोंडपाठ असतो, विचारलं की लगेच उत्तर देता येतं. इथं मी घरातली कामं एकेक करून बोटांवर मोजली. काहीच अडत नव्हतं.

"आणि पूर्वी गावात काय करायचात?" हे त्यांनी धाकट्याला विचारलं. उत्तर मीच देणार होतो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. धाकटा म्हणाला, "पट्टी भरायचो."

त्यांनी कागदावर लिहिलं: स्वतःच्या कमाईतून यात्रेची पट्टी भरणे. मी म्हणालो, बाई, हा काही उपचार नव्हे. त्या म्हणाल्या, "माझ्या कामात हाच उपचार आहे. गोळ्या डॉक्टर देतात, त्या चालूच राहतील. गोळ्या घेऊन माणूस दिवसभर काय करतो, ते माझ्याकडे."

तर त्या रविवारच्या बैठकीत पट्टीचा आकडा ठरल्यावर मी उठून बाईंची ओळख करून दिली. सुभेदारांनी विचारलं, "मॅडम, विंजेक्शन देणार काय त्याला?"

"नाही. मी डॉक्टर नाही."

"मग नर्स?"

"नर्सही नाही."

"मग ती हात-पाय वळवून घेणारी?"

"ती फिजिओथेरपिस्ट. तीही मी नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग हाय कोण गड्या ही?" मंडपात हशा झाला. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. हा प्रश्न त्यांना रोजचाच असावा. त्या सुभेदारांना म्हणाल्या, "तुम्ही फौजेतून घरी आलात, तेव्हा पहिले सहा महिने काय केलंत?"

सुभेदारांच्या आधी त्यांच्या शेजारी बसलेला दोस्तच बोलला, "बायकोला सकाळी पाचला रांगेत फॉलीन करायचा की! म्हशीस्नी पण!"

हसणं ओसरल्यावर सुभेदार म्हणाले, "व्हय. खोटं कशाला बोलू? झोप लागत नव्हती. कुणावर बी वरडायचो. मग ही समिती घेतली अंगावर."

"आणि झोप लागायला लागली."

"लागली."

"माझं काम एवढंच आहे. ज्याची त्याची समिती शोधायची आणि ती त्याला पेलेल अशी करून द्यायची. तुम्हाला तुमची आपोआप सापडली. यांना सापडली नाही, कारण आजारामुळे ती हातातून गेली. गावात असे आणखी असतील. बाळंतपणानंतर उठत नसलेली सून असेल, दारू सोडलेला आणि रिकामा बसलेला माणूस असेल. गुरुवारी मी येते. मला बसायला खोली द्या."

देवळामागं भांड्यांची खोली आहे. यात्रेचे आठ दिवस सोडून ती द्यायचं ठरलं. एकानं सुचवलं, बाहेर 'मनोरुग्ण केंद्र' अशी पाटी लावावी. बाई म्हणाल्या, "त्या पाटीखाली तुम्ही स्वतः याल का?" तो म्हणाला, "मी कशाला?" "मग दुसरा तरी कशाला येईल? पाटीवर 'व्यवसायोपचार, दर गुरुवारी' एवढंच लिहा."

"लोकास्नी कळायचं न्हाई ते."

"विचारतील. विचारलं की मी सांगेन."

दुसऱ्या कुणीतरी शाल-श्रीफळाचं काढलं. बाई म्हणाल्या, शाल नको, खोलीत बल्ब नाही तो लावा.

राहिलं नाव. सुभेदार म्हणाले, "आधी भरू दे त्याला. भरली तर लिवू." मी म्हणालो, "सुभेदार, माझं नाव आधी लिहिता आणि पैसे मग मागता. त्याला वेगळा नियम का?" त्यांनी यादी पुढं ओढली. मग त्यांनी नाव लिहिलं आणि म्हणाले, "आता ऐका. यादीत आला म्हंजे सगळ्यांसारखा. सवलत न्हाई. मागनं आजाराचं सांगू नगा."

घरी आई माझ्यावर चिडली. "सातशे रुपये कुठनं आणणार त्यो? झालं न्हाई तर साऱ्या गावात हसं करशील माझ्या लेकाचं." माझ्या बायकोलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही भीती होती. अकरा वर्षं त्याच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तो कशात कमी पडल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं.

काम कुठलं द्यायचं? दूध केंद्रात बाटल्या धुवायला माणूस लागतो. पण सचिवानं सख्खा भाऊ पगारावर ठेवायचा नाही असा संस्थेचा नियम आहे, आणि नियम नसता तरी मी ठेवला नसता. बाईंनी आग्रह केला नाही. त्या दोन गुरुवार गावातून हिंडल्या आणि बेदाण्याच्या शेडवर जाऊन थांबल्या. शेड एका मुसलमान व्यापाऱ्याची आहे, गाव त्यांना चाचा म्हणतं. तिथं बायका बेदाणा निवडतात, पुरुष बेदाणा वाळवायच्या जाळ्या झाडतात आणि पोती उचलतात. बायकांत बसायला धाकटा लाजला असता आणि पोती उचलायला अंगात ताकद नव्हती. पण पंधरा किलोचे पुठ्ठ्याचे बॉक्स घडी मोडून उभे करायचे, तळाला टेप मारायचा आणि रचून ठेवायचे, हे काम चाचा मजुरांना जाता जाता करायला लावत. ते कुणाचंच नव्हतं. बॉक्समागे दीड रुपया ठरला.

चाचा म्हणाले, "बाई, मी त्याला पाचशे रुपये असेच देतो. पुण्याचं काम हाय."

"पुण्याचं नको. मजुरीचं द्या. चुकला तर कापा."

पहिल्या दिवशी तो चार बॉक्स करून घरी आला. बेदाणा साफ करायचं मशीन सुरू झालं की त्या आवाजात त्याला दुसरे आवाज यायला लागत. बाईंनी त्याची जागा शेडच्या मागच्या अंगाला, लिंबाखाली हलवली. दहा बॉक्स झाले की उठायचं, चूल पेटवून स्वतःचा चहा स्वतः करायचा आणि मग पुढचे दहा, असं बसवून दिलं. आईला त्यांनी सांगितलं, दुपारपर्यंत शेडकडे फिरकायचं नाही. आईनं दोनदा नियम मोडला. तिसऱ्यांदा धाकटाच म्हणाला, "आये, तू जा घरला. लोकं बघत्यात."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. टेपचा नवा रोल आला तो अरुंद होता. धाकटा जुन्या सवयीनं एकच पट्टा मारत राहिला. भरलेले बॉक्स टेम्पोत चढवताना तळ सुटले आणि बेदाणा मातीत सांडला. सदतीस बॉक्स टेम्पोवरून परत आले. चाचा माझ्या केंद्रावर आले. ओरडले नाहीत, पण चेहरा उतरला होता. "सचिव, माल एक नंबरचा होता. आता मी काय करू? त्याला बोलताबी येत न्हाई मला."

"का येत नाही?" मी विचारलं.

"आजारी हाय म्हणून."

गुरुवारी बाई आल्यावर मी म्हणालो, काम थांबवू या, अंगावर येतंय. त्या शेडवर गेल्या, मीही गेलो. त्यांनी चाचांना सांगितलं, "दुसऱ्या मजुराला जे बोलला असता, ते यांना बोला." चाचा धाकट्याला म्हणाले, "आरं, टेप अरुंद हाय हे दिसत न्हाई व्हय तुला? डोळं हायत का बटणं? सदतीस बॉक्सचं पैसं मिळायचं न्हाईत!"

धाकट्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता हा उठतो आणि पुन्हा ओसरीवर जाऊन बसतो. तो म्हणाला, "दोन पट्टं मारतो." आणि त्यानं परत आलेले सदतीस बॉक्स पुढं ओढले.

त्याच आठवड्यात साताऱ्याला आरोग्य खात्याच्या कार्यालयात जायचं ठरलेलं होतं. रुग्णालयानं बाईंना गुरुवारी बाहेर सोडलं होतं ते मार्चअखेरपर्यंतच. पुढे यायचं तर ही भेट म्हणजे मानसिक आरोग्याचंच काम आहे, असं त्या कार्यालयाचं पत्र हवं होतं. पत्र नसतं तर यात्रेच्या ऐन आधी त्या बंद झाल्या असत्या. शिवाय सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांतल्या व्यवसायोपचारवाल्यांची जुनी मागणी होती, की तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचं पद असावं. अशा तिघीजणी आणि दोन नातेवाईक असे आम्ही तिथल्या साहेबांसमोर बसलो.

साहेब म्हणाले, "तालुक्याला फिजिओ आहे ना? मग हे वेगळं कशाला? नाव बदलून त्यातच काम करा."

साताऱ्याच्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "साहेब, हे गेल्या खेपेलाही सांगितलं होतंत. आम्ही तेव्हाही नाही म्हणालो, आताही नाही म्हणतो. दुसऱ्याच्या नावाखाली काम केलं, तर हे काम आहे हेच कुणाला कळणार नाही."

साहेब मग माझ्याकडे वळले. "तुम्ही नातेवाईक ना? पेशंट किती टक्के बरा झाला?"

मी म्हणालो, "टक्क्याचं मला सांगता येणार नाही. बॉक्सचं सांगतो. दोनशे सहा झाले. सदतीस परत आले होते, ते यात धरलेले नाहीत."

कसले बॉक्स, हे त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, बेदाणा सांडल्याचंही. शेवटी म्हणालो, "फिजिओमुळं माझ्या आईचा गुडघा वाकतो. त्यांचा उपकारच आहे. पण ही बाई गुडघ्याला नाही, माणसाच्या दिवसाला लागते."

साहेब हसले आणि आणखी दोन प्रश्न विचारले, तेही नीट विचारले. भेटीचं पत्र वर्षभरासाठी मिळालं. पदांचं "वर पाठवतो" एवढ्यावर राहिलं. कराडला एस.टी. बदलताना मी बाईंना म्हणालो, पदांचं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत जायचंय. तुम्हाला रजा मिळेल ना?" मी हो म्हणालो. रजा माझ्या खात्यावर आहेत.

यात्रेच्या आधीचा शुक्रवार हा पट्टी भरायचा शेवटचा दिवस. तोवर धाकट्याचे चारशे बारा बॉक्स पास झाले होते. मजुरी सहाशे अठरा. कमी ब्याऐंशी. मी दुपारी त्याला म्हणालो, "ब्याऐंशी मी घालतो. चाचांकडून मिळाले की परत दे."

तो म्हणाला, "दादा, तुझी पट्टी तू भर."

"अरे, नाव वाचतील उद्या."

"वाचू दे."

मी बाईंना फोन केला. वाटलं होतं, त्या माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "पट्टी कुणाची आहे? ज्याची आहे त्यानं ठरवलंय ना?"

तो एकटाच सुभेदारांकडे गेला. मी मागनं गेलो, पण लांब उभा राहिलो. सुभेदारांनी पैसे मोजले आणि म्हणाले, "सहाशे अठरा? लय झालं की रं! पुरी भरली म्हणून लिवतो."

"न्हाई. बाकी लिवा."

"आरं, उद्या भोंग्यावर येईल तुझं नाव."

"सगळ्यांचं येतं न्हवं?"

आमच्या गावात बाकीदारांची नावं शनिवारी सकाळी देवळाच्या भोंग्यावर वाचतात. दरसाल तीस-चाळीस नावं असतात, त्यात दोन-तीन बडी धेंडंही असतात. त्या शनिवारी आई भाकरी थापत होती. भोंग्यावर धाकट्याचं नाव आलं, वडिलांचं नाव आलं, आडनाव आलं, "बाकी रुपये ब्याऐंशी फक्त." आईच्या हातातली भाकरी परातीत पडली. "जळ्ळं मेलं! आता कुठं तोंड दाखवायचं?" बायको मात्र हसत होती. "आत्या, अकरा वर्षांत पयल्यांदा वाचलं त्यांचं नाव. ऐका तरी."

थोड्या वेळानं मी आणि धाकटा स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर गेलो. त्याच्या शाळेतला एक वर्गमित्र तिथं उभा होता. इतकी वर्षं तो धाकट्याशी बोलायचा ते माझ्यामार्फत, "बरा हाय का त्यो?" असं. आज तो थेट त्याच्याकडे बघून ओरडला, "काय रं बाकीदार! मद्रासला पळून जाऊ नगंस म्हंजे झालं!"

धाकट्यानं बशीत चहा ओतला. "तुझी बाकी किती?"

"साडेतीनशे."

"मग पयला तू पळ."

गाड्यावरची माणसं मोठ्यानं हसली. धाकटाही हसला. मी माझा कप ठेवून केंद्रावर गेलो, सकाळच्या दुधाचा भरणा राहिला होता.

सोमवारी आणि मंगळवारी मिळून त्यानं पंचावन्न बॉक्स केले. चाचांनी प्रत्येक तळ दाबून पाहिला आणि सगळे पास केले. हिशेब ब्याऐंशी रुपये पन्नास पैसे झाला. चाचा म्हणाले, आठ आणे आता आणू कुठनं, त्र्याऐंशी घे. धाकटा म्हणाला, असू द्या, पुढच्या बॉक्सात धरा.

बुधवारी सकाळी सभामंडपात धाकट्यानं सुभेदारांच्या हातात ब्याऐंशी रुपये दिले. सुभेदारांनी दोनदा मोजले, पावती फाडली आणि धाकट्याच्या नावे सातशे रुपये पूर्ण भरल्याचं लिहून सही केली. चाचांकडून धाकट्याला पन्नास पैसे यायचे आहेत.